पणजोबांची नोंद, पणजोबांचं अक्षर

५ सप्टेंबर १७५५. आज कॅनडात असलेल्या नोव्हा स्कॉशियातलं ग्राँ-प्रे गाव. चर्चमध्ये बोलावून कोंडलेल्या ४१८ पुरुषांना आणि मुलांना ब्रिटिशांच्या वतीने जॉन विन्स्लोने हुकूम ऐकवला : जमीनजुमला, गुरंढोरं जप्त आणि सगळ्यांची हद्दपारी. खाजणात बांध घालून शेती पिकवणारे हे फ्रेंचभाषक अकेडियन. पुढच्या आठ वर्षांत अशी दहा हजारांहून अधिक माणसं मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, फ्रान्स अशी वाट फुटेल तिकडे पांगली. बरीच पुढे लुइझियानात पोचली.

अशा पूर्वजाचा माग काढताना नावच आधी चकवतं. लेब्लाँ, लँड्री, एबेर ही आडनावं घरोघरी आणि प्रत्येक घरात एक जोसेफ, एक मारी. पण ग्राँ-प्रेच्या चर्चच्या १७०७ ते १७४८च्या नोंदवह्या हद्दपार झालेल्यांनी सोबत नेल्या. घरदार सुटलं तरी हे बाड त्यांनी सोडलं नाही. आज ते लुइझियानात, बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या दप्तरात आहे.

जवळच्या नात्यात लग्न करायचं तर चर्चची सूट लागे आणि पाद्री ती लग्नाच्या नोंदीत लिहून ठेवी. ‘तिसऱ्या पायरीची सूट’ म्हणजे वधूवरांचे पणजोबा किंवा पणजी एकच. ‘तिसऱ्या-चौथ्या पायरीची’ म्हणजे एकाचे पणजोबा ते दुसऱ्याचे खापरपणजोबा. आईबापांची नोंद हरवलेली असली, तरी भावंडांच्या लग्नांतल्या अशा सुटी ताडून पाहिल्या की तुटलेली फांदी कुठल्या खोडाची ते कळतं. मॉन्क्टन विद्यापीठातले स्टीफन व्हाइट यांनी अशा पुराव्यांवरून अकेडियन घराण्यांच्या वंशावळी मांडल्या. मला हे काम उत्खननाइतकंच मोलाचं वाटतं.

सोयरिकीच्या खुणा पेशींतही उरतात. १६७१च्या शिरगणतीत अकेडियन होते जेमतेम चारशे. इतक्या थोड्या घरांतून समाज वाढला, की एका पूर्वजातला जनुकीय बदल शेकडो वंशजांत उतरतो. लुइझियानातल्या अकेडियन वंशजांत ‘यूएसएच१सी’ या जनुकात २१६व्या जागी जी ऐवजी ए हे अक्षर आढळतं. त्यामुळे पेशी जनुकाचा निरोप भलत्याच जागी कापते, ३५ अक्षरं गळतात आणि हार्मोनिन हे प्रथिन अपुरं राहतं. आई आणि वडील दोघांकडून हे अक्षर आलं, तर मूल जन्मतः बहिरं असतं, चालायला उशिरा लागतं आणि पुढे त्याला रात्रीचं दिसेनासं होऊ लागतं. याला अशर सिंड्रोम म्हणतात. वंशावळ आणि जनुकचाचणी यांवरून तो लवकर ओळखता आला, तर दृष्टी शाबूत आहे तोवरच मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवून ऐकायला शिकवता येतं.