विश्लेषण : जंगल एकच, पिंगळे दोन! प्रजाती वेगळ्या कशा होतात आणि वेगळ्याच का राहतात?

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळच्या पानझडी जंगलात दिसायला जवळपास सारखी अशी दोन छोटी घुबडे राहतात. एक गावोगावी दिसणारा पिंगळा, तर दुसरा जगात फक्त मध्य भारतात आढळणारा दुर्मीळ रानपिंगळा. दोघे एकाच परिसरात राहूनही एकमेकांत मिसळून का गेले नाहीत, या प्रश्नात उत्क्रांतीचे एक मोठे सूत्र दडले आहे.

रानपिंगळ्याची ओळख कशी पटली?

ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. 1884 मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा परिसरात त्याचे नमुने मिळवले. त्यानंतर तब्बल 113 वर्षे त्याची एकही खात्रीशीर नोंद झाली नाही. तो नामशेष झाला असावा, असेच अनेकांना वाटत होते. अखेर नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला. पुढच्या काळात तो तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील काही जंगलांतही आढळला.

नवी प्रजाती तयार कशी होते?

एखाद्या प्रजातीचे दोन गट डोंगर, नदी किंवा बदललेल्या हवामानामुळे एकमेकांपासून तुटतात. दोन्हीकडे पिढ्यानपिढ्या जनुकांत छोटे छोटे बदल साचत जातात. एकीकडे चोच मजबूत होते, दुसरीकडे आवाज बदलतो. लाखो वर्षांनी हे गट पुन्हा शेजारी आले, तरी त्यांची जोडी जमत नाही किंवा जमलीच तर पिल्ले टिकत नाहीत. तेव्हा त्या दोन वेगळ्या प्रजाती ठरतात.

जनुकांनी काय सांगितले?

ह्यूम यांनी रानपिंगळ्याला सर्वांपेक्षा निराळ्या गटात टाकले होते. हा वाद शंभरहून अधिक वर्षे चालला. भारतीय संशोधकांचा अभ्यास 2018 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार रानपिंगळा हा साध्या पिंगळ्याच्याच गटातला आहे. मात्र तो साधारण 43 ते 57 लाख वर्षांपूर्वी वेगळा झाला असावा. विशेष म्हणजे, शेजारी राहणारे हे दोघे सख्खे भाऊ नाहीत. म्हणजे याच जंगलात एका पक्ष्याचे दोन झाले, असे नाही. दोघांचा उत्क्रांतीचा प्रवास वेगवेगळा आहे.

मग आज त्यांना वेगळे कोण ठेवते?

पहिला अडसर आवाजाचा. घुबडांना आपली साद शिकावी लागत नाही, ती उपजतच येते. रानपिंगळ्याची साद पिंगळ्याच्या कलकलाटाहून अगदी निराळी असते. त्यामुळे आपला जोडीदार कोण, हे दोघांनाही बरोबर कळते. दुसरा अडसर वेळेचा. पिंगळा मुख्यतः संध्याकाळनंतर बाहेर पडतो, तर रानपिंगळा भरदिवसा शिकार करतो. तिसरा अडसर जागेचा. पिंगळ्याला शेत, गाव, जुनी इमारत काहीही चालते. रानपिंगळ्याला मात्र सागाचे मोकळे जंगल आणि ढोलीची जुनी झाडे लागतात. दिसण्यातही फरक आहे. पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, तर रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते.

जंगलाचे तुकडे झाले, तर नव्या प्रजाती होतील?

गट तुटल्याने प्रजाती तयार होतात, हे खरे. पण त्यासाठी प्रत्येक गटात पुरेसे पक्षी आणि हाताशी लाखो वर्षे असावी लागतात. आज जंगले काही दशकांतच तुटत आहेत. अशा छोट्या तुकड्यांत अडकलेल्या पक्ष्यांत जवळच्या नात्यात प्रजनन वाढते. एखादा वणवा किंवा वृक्षतोडही सगळा गट संपवू शकते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत रानपिंगळा ‘संकटग्रस्त’ आहे आणि प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आत असल्याचा अंदाज आहे. वृक्षतोड, अतिक्रमण आणि घुबडांबद्दलच्या अंधश्रद्धा हे त्याच्यापुढचे मुख्य धोके आहेत. त्यामुळे तोरणमाळच्या जंगलात ढोलीची जुनी झाडे उभी राहणे, ही त्याच्या बचावाची पहिली अट आहे.