दरबारातला मुजरा

साताऱ्यात ख्रिस्ती उपासनेस मी प्रथम गेलो तो भक्तीच्या ओढीने नव्हे, एका शब्दाच्या मागे. आणि तो शब्द म्हणजे ‘उपकारस्तुती’. मराठी बायबल आणि ख्रिस्ती उपासना यांच्या बाहेर हा सामासिक शब्द माझ्या वाचनात क्वचितच आला. आपल्या नित्य व्यवहारातल्या ‘आभार’ या शब्दात भार तेवढा जाणवतो. सभेत आभारप्रदर्शन सुरू झाले की श्रोते पादत्राणे शोधू लागतात, आणि आईने भाकरी वाढली म्हणून तिचे विधिपूर्वक आभार मानणाऱ्या मुलाच्या कपाळाला ती माउली आधी हात लावून पाहील. उपकार स्मरावा, जमल्यास फेडावा, पण बोलून दाखवू नये, ही ज्या समाजाची रीत, त्याच्या भाषेत ऋण आणि स्तवन यांचा हा समास ज्या कोणी प्रथम घडविला, त्याच्या कानाला मी मनोमन दाद देत आलो आहे.

पूर्वपीठिका उरकून टाकतो. थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने आनंद, अखंड प्रार्थना आणि सर्व स्थितीत उपकारस्तुती या तीन आज्ञा एका दमात दिल्या आहेत. ग्रीक भाषेत आनंद ‘खारा’, कृपा ‘खारिस’ आणि उपकारस्तुती ‘युखारिस्तिया’, म्हणजे तिन्ही एकाच धातूची लेकरे. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली ओवीत अवतरले. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले आणि १८४९ साली मिशनने साताऱ्यास ठाणे केले. इतके पुरे, कारण ज्यांच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक वाटेत तिष्ठत आहेत.

टिळक (१८६१–१९१९) शाळकरी वाचकांस फुलामुलांचे कवी म्हणून ठाऊक असतात, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांस हातात पैसा न टिकणारा विलक्षण नवरा म्हणून. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊनही त्यांनी तुकोबांची सोबत सोडली नाही. किंबहुना तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते सांगत. त्यांचे कित्येक अभंग आणि पदे ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही गाइली जातात. परदेशी चालीत अवघडून उभी असलेली मराठी प्रार्थना त्यांनी टाळमृदंगाजवळ खाली बसविली, आणि ख्रिस्ताला गुरू व माउली म्हणून हाक मारली. वारकऱ्याला ‘माउली’ हा शब्द शिकवावा लागत नाही. आणि माउलीपाशी मागणे आणि बिलगणे यांत फरक तरी कितीसा?

१९१७ साली मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास आले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसमाज त्यांनी स्थापिला. त्याचे नाव ‘देवाचा दरबार’. या नावापाशी मी वर्षानुवर्षे घुटमळतो आहे. याच साताऱ्याचा दरबार, १८४८ साली आप्पासाहेब महाराज निवर्तल्यावर दत्तक नामंजूर करून कंपनी सरकारने खालसा केला होता. आणि दरबार गमावलेल्या नगराला उरते ती कचेरी. टिळकांनी हा संबंध मनात धरला होता असे मी म्हणणार नाही. पण बहुतेकांची प्रार्थना, मग ती कोणत्याही धर्माची असो, कचेरीतच चालते, हे मात्र मी छातीवर हात ठेवून म्हणेन. अर्ज, फिर्याद, तगाईची दरखास्त, दंडाच्या माफीची विनंती, आणि काम झाले की खुद्द हाकिमाकडे पाठ. दरबाराला मनुष्य मुजऱ्यासाठीही जातो. काही मागायचे नसताना जातो. टिळकांची पदे मला मुजऱ्याची वाटतात.

अर्जाला मी कमी लेखतो असे मात्र नव्हे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिरजेच्या रुग्णालयामुळे सांगली-मिरजेकडे दुखणेकऱ्यांची जी वाट वाहू लागली, ती आजही थांबलेली नाही. त्या वाटेवरच्या एका दवाखान्याच्या ओवरीत एक रात्र आप्ताच्या उशाशी काढताना ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती’ हे शब्द मला जवळजवळ निर्दय वाटले होते. पुढे स्तोत्रसंहिता लक्षपूर्वक वाचली तेव्हा जीव थोडा हलका झाला. तिच्या दीडशे स्तोत्रांत आक्रोशाची स्तोत्रे विपुल आहेत, तरी हिब्रू भाषेत त्या संपूर्ण ग्रंथाचे नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तवने. बहुतेक आक्रोश शेवटी स्तुतीकडे वळतात, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र अंधारातच थांबते. तेही स्तवनांतच बांधले आहे! संकलनकर्त्याचा हा प्रामाणिकपणा मला कोणत्याही प्रवचनाहून अधिक पटला.

आता मिरज तालुक्यातील एका लहानशा देवळाविषयी. ख्रिस्ती मंडळीही आपल्या प्रार्थनामंदिराला ‘देऊळ’ म्हणतात, हे सांगितले की पुण्याचे माझे मित्र चकित होतात. दिवस हंगामाच्या सणाचा होता. वेदीपुढे हळकुंडे, ऊस, भुईमुगाच्या शेंगा, गुळाची ढेप, पाय बांधलेली एक कोंबडी आणि पुष्कळ भाजीपाला मांडला होता. उपासनेनंतर अंगणात लिलाव सुरू झाला. एका म्हातारीने परसातला दुधी भोपळा आणला होता. तो मी बाजारभावाच्या दुप्पट बोलीने घेतला आणि, मोठी मर्दुमकी गाजविल्याच्या थाटात, पिशवीत घातला. सभोवार हसू पिकले. शेजारचे गृहस्थ हलकेच म्हणाले, “पाव्हणं, त्यो परत द्यायचा असतुया. फिरूनशान बोली हुती.” मी ओशाळून भोपळा परत केला. तो पुन्हा विकला गेला, पुन्हा परत आला, आणि तिसऱ्या खेपेस त्याची किंमत कोंबडीच्या वर गेली तेव्हा त्या म्हातारीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, हे मला दुरून ओळखता आले नाही.

तिसऱ्या खेपेस ज्याने तो घेतला, त्याने तो माझ्याच हातात आणून ठेवला. मिरजेच्या एस.टी.त तो मांडीवर घेऊन बसलो तेव्हा कंडक्टरने विचारले, “केवढ्याला घेतला, दादा?” मी रक्कम सांगितली. त्याने आधी भोपळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि सुट्ट्या पैशांसाठी माझ्याशी एरवी घालतो ती हुज्जत त्या दिवशी घातली नाही.