उसाच्या शेतातील शेजारी

बिबट्या हा जंगलात राहणारा प्राणी आहे आणि तो गावात दिसला तर वाट चुकून आला असावा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याचा अनुभव मात्र निराळा आहे. कुकडी प्रकल्पातील धरणांचे पाणी शेतांपर्यंत पोहोचले आणि कोरडवाहू पिकांच्या जागी ऊस उभा राहिला. उसाचे पीक वर्ष-दीड वर्ष शेतात असते. त्यात बिबट्याला दाट आडोसा मिळतो, जवळच पाणी असते आणि वस्तीवरील कुत्री, शेळ्या, वासरे असे भक्ष्यही सहज सापडते. बिबट्याची मादी उसातच पिल्लांना जन्म देते. अशा पिल्लांना जंगल ठाऊकच नसते; ऊस हेच त्यांचे घर असते.

हा शेजार माणसाला महाग पडू शकतो. शेळी गेली तर गरीब कुटुंबाचा आधार जातो. मूल गेले तर ती हानी कशानेही भरून निघत नाही. म्हणूनच बिबट्या दिसताच ‘त्याला पकडून दूर न्या’ अशी मागणी होते. जुन्नर परिसरात २००१ नंतर हा उपाय मोठ्या प्रमाणावर करण्यात आला. पिंजरे लावून पकडलेले बिबटे अन्यत्र जंगलात सोडण्यात आले. परंतु परिणाम उलटा झाला. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, १९९३ ते २००१ या काळात या वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली.

असे का व्हावे? पकडला गेलेला बिबट्या भेदरलेला असतो. अनोळखी प्रदेशात सोडल्यावर तो आपल्या मूळ ठिकाणाकडे परतू पाहतो आणि वाटेत त्याला नव्या वस्त्या लागतात. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. म्हणजे प्रश्न सुटत नाही, केवळ जागा बदलतो.

याउलट चित्र अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात आढळले. तेथील शेतांमध्ये कॅमेरे लावून केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचे दिसले. त्याच भूभागात दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत होती. तरीही बिबटे रात्री वावरत आणि माणसांना टाळत. या भागातील महादेव कोळी समाज दिवाळीत वाघबारस पाळतो. वाघोबाला नैवेद्य दाखवून गुराढोरांच्या रक्षणाची प्रार्थना केली जाते. या श्रद्धेत भीती आहे, तशी शेजाऱ्याविषयीची जाणही आहे.

मात्र केवळ श्रद्धेच्या बळावर सहजीवन टिकत नाही. जनावरांसाठी वरून व बाजूंनी बंदिस्त गोठा हवा. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये. शेतात वाकून किंवा बसून काम करणारा माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा भासू शकतो, म्हणून सोबत असावी. वस्तीजवळ उकिरडे साचू देऊ नयेत, कारण तेथे कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. बिबट्या दिसल्यास गर्दी व आरडाओरडा न करता वनविभागाला कळवावे. ऊसतोडीच्या वेळी पिल्ले सापडली, तर वनकर्मचारी ती सुरक्षितपणे त्याच जागी ठेवतात. बहुधा रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली आणि लोकांचा संताप रस्त्यावर आला. तो समजून घेतला पाहिजे. फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या घराला पक्के दारही नसते. त्याला ‘निसर्गावर प्रेम करा’ एवढेच सांगणे अन्यायाचे ठरेल. माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या बिबट्याचा तातडीने बंदोबस्त, नुकसानभरपाई वेळेवर, आणि गोठा, वीज व शौचालय यांची सोय या गोष्टी समाजाने व शासनाने पुरवल्या पाहिजेत. वन्य प्राण्याच्या रक्षणाचे श्रेय सर्वांचे असते. त्याचा धोका मात्र शेतावर राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांनाच सोसावा लागतो. तो भार वाटून घेतला, तरच बिबट्याचा स्वीकार शक्य होईल.