गुरांचा प्रत्येक ताप लम्पी नसतो

२०२२ च्या साथीत महाराष्ट्रात लम्पी सर्वात आधी आढळला तो जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात. तेव्हापासून जनावर तापलं की पहिली शंका लम्पीचीच येते. पण लम्पी विषाणूचा आजार आहे. गोचिडांतून पसरणारा ॲनाप्लाझ्मोसिस मात्र जिवाणूंमुळे होतो आणि त्यावर वेळेत दिलेलं प्रतिजैविक काम करतं.

ओळखायचं कसं?
हा जिवाणू रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतो. शरीर त्या पेशी नष्ट करतं आणि रक्त कमी होतं. ताप येतो, दूध घटतं, धाप लागते, डोळ्यांच्या आतला भाग पांढरट-पिवळा दिसतो. लम्पीसारख्या गाठी येत नाहीत. लघवी लाल होत असेल तर बबेसिया असू शकतो. तोही गोचिडांतूनच येतो, पण औषध वेगळं. म्हणून रक्ततपासणी हवीच.

हरणांचा काय संबंध?
रक्त पिऊन फुगलेली गोचिडाची मादी गवतात पडते आणि हजारो अंडी घालते. यावल किंवा अनेर धरण अभयारण्याच्या कडेला गुरं आणि हरणं एकाच गवतात चरली, तर गोचीड दोघांच्याही अंगावर चढू शकतात. जनावर बरं झालं, तरी त्याच्या रक्तात जंतू राहू शकतात.

काय कराल?
• एकच सुई अनेक जनावरांना वापरू देऊ नका. रक्तातूनही लागण होते.
• गोठ्याच्या भेगा बुजवा.
• गोचीड उघड्या हाताने चिरडू नका.
• ताप दिसताच पशुवैद्यकाला बोलवा किंवा १९६२ वर फोन करा.