तिसऱ्या माणसाचे काय?

मी हिंगोलीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. बोलणारा तो प्रथमपुरुष, ऐकणारा तो द्वितीयपुरुष आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीयपुरुष, हे व्याकरण मी वीस वर्षे मुलांना सांगत आलो. पण या तृतीयपुरुषाची खरी अडचण मला उमगली ती गेल्या दिवाळीच्या तोंडावर, आमच्या शेजारच्या आजींमुळे.

आजी एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या. “सर, माझं नाव हाय ना ह्याच्यात? जरा वाचून दाखवा.”

त्यांच्या दोन मुलांमधले ते रीतसर नोंदवलेले वाटणीपत्र होते. हळदीचे रान थोरल्याला, विहिरीकडचे धाकट्याला, आणि अखेरीस एक ओळ : दोघांनी आईला दरसाल प्रत्येकी एक क्विंटल ज्वारी व बारा हजार रुपये द्यावेत. दोन वर्षे ठीक चालले. मग थोरल्याने हात आखडता घेतला. आईने विचारले तर म्हणाला, “करार आम्हा भावाभावांचा. त्यावर तुझा अंगठा कुठं आहे?”

नाव होते, पण अंगठा खरोखरच नव्हता. संध्याकाळी मी तो कागद एका वकील स्नेह्यांकडे नेला.

“थोरला अगदीच खोटे बोलत नाही,” ते म्हणाले. “करार ज्यांनी केला त्यांनाच त्यावर दावा लावता येतो. बाहेरचा तो त्रयस्थ.”

जिच्या पोटासाठी ओळ लिहिली, तीच त्रयस्थ! मी चकित झालो.

मग त्यांनी इंग्लंडातला १८६१ सालचा ट्वेडल विरुद्ध अॅटकिन्सन हा खटला सांगितला. दोन व्याह्यांनी नवरदेवाला पैसे देण्याचा करार केला. मुलीच्या बापाने दोनशे पौंड आणि मुलाच्या बापाने शंभर. नवरदेवाला दावा लावता येईल, असेही त्यात स्पष्ट लिहिले. सासरा पैसे न देताच वारला. जावईबापू कोर्टात गेले आणि हरले! करार दोन बापांचा, जावई परका.

नियमामागे कारण आहे, हे मात्र खरे. ज्याचा त्याचा उल्लेख आला म्हणून जो तो कोर्टात जाऊ लागला, तर दोघांना आपलाच करार बदलण्याचीही चोरी होईल. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६९ साली हाच नियम उचलून धरला.

“मग आजींनी काय करायचे?”

“थांबा. आपल्याकडे लग्न आणि वाटण्या वडीलधारी मंडळी ठरवतात, हे न्यायाधीशांनाही ठाऊक होते.” १८७७ साली एका सासऱ्याने अल्पवयीन सुनेला ‘खर्च-ए-पानदान’ म्हणून दरमहा पाचशे रुपये द्यायचे कबूल केले होते आणि त्यासाठी जमीनजुमला बांधून दिला होता. करार दोन बापांचा. सही सुनेची नव्हती. तरी १९१० साली प्रिव्ही कौन्सिलने हुसैनी बेगमच्या बाजूने निकाल दिला. आणि वाटणी करताना आईच्या पोटगीची सोय करण्याचे ठरवणाऱ्या दोन भावांवर आईचा हक्क चालतो, हे मद्रास उच्च न्यायालयाने मान्य केले, त्यालाही शंभरावर वर्षे झाली.

“शिवाय,” वकीलसाहेब म्हणाले, “२००७ च्या कायद्याने निर्वाह चालत नसलेल्या आईबापांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तिथे वाटणीपत्रही लागत नाही.”

खुद्द इंग्लंडने आपला नियम सैल केला तो १९९९ साली. आमचा हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला त्याच वर्षी. आपल्या ग्राहक कायद्यातही खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा ग्राहकच ठरतो. म्हणजे फ्रीजची पावती यजमानांच्या नावावर असली, तरी तक्रार गृहिणीला करता येते.

थोरल्याला आम्ही नोटीस धाडली नाही. वकीलसाहेबांनी त्याला चहाला बोलावून मद्रासच्या आईची गोष्ट तेवढी ऐकवली. पाडव्याला ज्वारीचे पोते दारात आले. मागची बाकी अजून पुरती फिटलेली नाही.

वाचकहो, आपल्या घरी वाटणीचा कागद होईल तेव्हा एवढे करा : ज्याच्यासाठी एखादी ओळ लिहाल, त्यालाही सहीला बसवा. आजींना हे केव्हाच पटले आहे. त्या म्हणाल्या, “सर, पुढच्या कागदावर आधी माझा अंगठा. मग पोरांच्या सह्या.”