लेकीचे नाव : अर्थही पाहा, अक्षरही पाहा

जुन्या नाशकातील आमच्या एका मुस्लिम स्नेह्यांना नात झाली. सातव्या दिवशी अकीका झाला आणि नाव ठरले ‘आमिना’. इस्लाममध्ये नावाच्या अर्थाला मोठे मोल आहे. ‘आज्ञा मोडणारी’ अशा अर्थाचे नाव असलेल्या एका स्त्रीला पैगंबरांनी ‘जमीला’, म्हणजे सुंदर, हे नाव दिल्याची हदीस आहे. सातारा जिल्ह्यात २०११ साली दोनशेहून अधिक ‘नकोशीं’ना नवी नावे मिळाली, त्यामागची भावनाही हीच. नाव हा लेकीचा पहिला मान आहे.

मात्र कारकून म्हणून एक विनंती. ‘आमिना’ म्हणजे सुरक्षित, ‘अमीना’ म्हणजे विश्वासू. इंग्रजीत दोन्ही बहुधा सारखीच लिहितात. काना-वेलांटीने अर्थ बदलतो आणि पुढे शाळेच्या दाखल्याला खोळंबा होतो. तेव्हा जन्माची नोंद २१ दिवसांत कराच. नाव ठरले नसेल तरी थांबू नका. १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क नोंदवता येते. मात्र उर्दू, मराठी व इंग्रजी अक्षरे कागदावर लिहून न्या.

आजोबांनी तसेच केले. नातीचे नाव आता तिन्ही लिपींत एकच आहे.