सरकारी दवाखान्याला जाब विचारणारी जनसुनवाई

तालुक्याच्या गावी पंचायत समितीचं सभागृह, नाहीतर शाळेचं पटांगण. एका टेबलामागे तालुका आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर बसलेले असतात. शेजारच्या टेबलावर पंच: एखादे वकील, निवृत्त शिक्षक, स्थानिक पत्रकार, बाहेरगावाहून आलेले डॉक्टर. समोर सतरंजीवर वाड्यावस्त्यांवरून आलेली माणसं, आशाताई, अंगणवाडीच्या ताई, दोन-चार सरपंच. माईक एका बाईच्या हातात जातो. सुनेला कळा सुरू झाल्यावर रात्री आरोग्य केंद्रात नेलं, तिथे कुणीच नव्हतं, शेवटी भाड्याची जीप करून खासगी दवाखाना गाठावा लागला, एवढंच ती सांगते. सांगताना आवाज कापतो, पण तारीख आणि वेळ ती चुकवत नाही. पंच डॉक्टरांकडे वळून विचारतात, "त्या रात्री ड्युटी कुणाची होती?" आणि सगळ्यांच्या देखत उत्तर द्यावं लागतं.

ही आरोग्य जनसुनवाई. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात गेल्या दीड-दोन दशकांत रुजलेली ही पद्धत आहे. सार्वजनिक आरोग्यसेवेबद्दल सरकारला उत्तरदायी कसं धरायचं, या प्रश्नावर आपल्याकडे जी काही उत्तरं शोधली गेली, त्यांत मला ती सर्वांत मोलाची वाटते. आरोग्य खात्यात जबाबदारीची वाट एरवी खालून वर जाते. सिस्टर डॉक्टरांना अहवाल देते, डॉक्टर तालुक्याला, तालुका जिल्ह्याला, जिल्हा मुंबईला. या उतरंडीत ज्याच्यासाठी दवाखाना उभा आहे त्या रुग्णाला कुणी अहवाल देत नाही. जनसुनवाईने तो मान रुग्णाला दिला.

या पद्धतीचं मूळ राजस्थानात आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांच्या हजेरीपटावरची नावं गावासमोर वाचून दाखवली गेली आणि कागदावर झालेली कामं उघडी पडली. याच चळवळीच्या रेट्यातून पुढे २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आला.

आरोग्याच्या बाबतीत पायाभरणी न्यायालयानेही केली होती. हकीम शेख हे पश्चिम बंगालमधले शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर जखमी झाले. एकामागून एका सरकारी रुग्णालयाने खाट नाही, सोय नाही असं सांगून त्यांना परत पाठवलं आणि अखेर खासगी रुग्णालयात पदरचे पैसे मोजून उपचार घ्यावे लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण ही सबब राज्याला सांगता येणार नाही. त्यांना २५,००० रुपये भरपाई मिळाली. निकाल थोर होता, पण मेळघाटातल्या किंवा धडगावच्या आईने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायचं कसं? तिच्या तालुक्यातच दाद लागेल अशी जागा हवी होती.

त्या दिशेने मोठं पाऊल २००४ मध्ये पडलं. जन स्वास्थ्य अभियान आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मिळून देशाच्या निरनिराळ्या विभागांत आरोग्यहक्कावर सुनावण्या घेतल्या. पश्चिम विभागाची सुनावणी जुलैमध्ये भोपाळला झाली आणि डिसेंबरमध्ये दिल्लीत राष्ट्रीय सुनावणी. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. दवाखान्यावर लोकांनी देखरेख ठेवावी ही तरतूद त्याच्या आराखड्यातच होती. २००७ मध्ये नऊ राज्यांत तिचा प्रयोग सुरू झाला आणि त्यात महाराष्ट्र होता.

आपल्याकडे ही प्रक्रिया 'लोकाधारित देखरेख व नियोजन' या नावाने ओळखली जाते. सुरुवातीचे जिल्हे पाच: नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. (आजचा पालघर तेव्हा ठाण्यातच होता, आणि उस्मानाबाद आता धाराशिव झालं आहे.) प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं, प्रत्येक केंद्राखालची पाच गावं, म्हणजे एकूण २२५ गावं. राज्य पातळीवर समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे आलं. डॉ. अभय शुक्ला, डॉ. अनंत फडके यांच्यासारखे जन आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते यामागे होते, आणि जिल्ह्यात, तालुक्यात तिथल्याच संस्था-संघटनांनी काम अंगावर घेतलं. गाव, आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पाचही पातळ्यांवर समित्या नेमल्या गेल्या. त्यांत पंचायतीचे सदस्य, संस्थांचे प्रतिनिधी, सामान्य नागरिक आणि खात्याचे अधिकारी एकत्र बसू लागले.

जनसुनवाईचा दिवस उजाडण्याआधी बरंच काम झालेलं असतं. त्यातलं मुख्य म्हणजे गावाचं आरोग्य प्रगतीपत्रक. शाळेत मुलांना मिळतं तसंच हे, फक्त इथे गुण गाव देतं आणि घेतो दवाखाना. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, सिस्टरच्या गृहभेटी, आरोग्य केंद्रातली औषधं, कर्मचाऱ्यांची वागणूक, गावाला मिळालेल्या निधीचा वापर, अशा एकेका सेवेवर गटागटाने चर्चा होते. उत्तरांना गुण दिले जातात. ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण पडले तर हिरवा रंग, ५० ते ७४ असतील तर पिवळा, त्याखाली लाल. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही भिंतीवरचा तक्ता लांबून वाचता यावा, हा त्यामागचा विचार.

रंग ठरवण्याची ही चर्चा जवळून पाहण्यासारखी असते. गावठाणातल्या बायका सांगतात, "सिस्टर येतात की, दर महिन्याला येतात." मग ओढ्यापलीकडच्या वाडीतली एखादी हळूच बोलते, "आमच्याकडं पावसाळाभर कोणी फिरकत नाही." इतका वेळ हिरव्याकडे झुकलेला रकाना तिथेच अडतो. त्या एका वाक्यावर बराच वेळ बोलणं होतं. गावात सेवा मिळते याचा अर्थ सगळ्या गावाला मिळते असा नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला उमगतं. म्हणूनच दलित वस्तीत, आदिवासी पाड्यावर आणि बायकांशी वेगळं बसून बोलण्यावर या प्रक्रियेचा भर आहे. खात्याच्या अहवालात लसीकरणाची टक्केवारी असते, पण राहून गेलेली वाडी कोणती ते या तक्त्यामुळे समजतं.

गावानंतर आरोग्य केंद्राची पाहणी होते. पाणी आहे का, प्रसूतीची खोली वापरात आहे का, सर्पदंशावरचं औषध शिल्लक आहे का, रुग्णवाहिका चालू आहे का, हे सारं टिपलं जातं. बाहेर पडणाऱ्या रुग्णांना थांबवून विचारलं जातं: पैसे घेतले का, औषध आतून मिळालं की चिठ्ठी दिली? 'चिठ्ठी' हा सरकारी दवाखान्याचा जुना आजार. आतली फार्मसी सांगते औषध संपलं, डॉक्टर कागदाच्या तुकड्यावर नाव लिहून देतात आणि मजूर माणूस खासगी मेडिकल दुकान गाठतो. एरवी तो तुकडा फेकून दिला जातो. देखरेखीच्या कामाने लोकांना तो जपून ठेवायला शिकवलं. केसपेपरला चिठ्ठी टाचायची, चिठ्ठीला दुकानाचं बिल. सुनवाईत अशी टाचलेली कागदं पंचांपुढे येतात तेव्हा 'आमच्याकडे सगळी औषधं मिळतात' हे ठरीव उत्तर टिकत नाही.

पंचांना कुणाला शिक्षा करण्याचा अधिकार नाही. ते ऐकतात, अधिकाऱ्याला उत्तर द्यायला लावतात आणि ठरलेली कृती तारखेसह नोंदवून घेतात. पुढच्या सुनवाईची सुरुवात मागच्या नोंदींपासून व्हावी, असा दंडक आहे. एवढ्या साध्या गोष्टीतून बरंच घडलं. बेकायदा घेतलेले पैसे रुग्णांना परत मिळाले. नेमणुकीच्या वेळेत खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांवर बोट ठेवलं गेलं. बंद पडलेली उपकेंद्रं उघडली, औषधसाठ्याचे फलक दर्शनी भागात लागले. प्रगतीपत्रकांची बेरीजही तेच सांगते. २००८ मधल्या पहिल्या फेरीत गावांनी ४८ टक्के सेवांना 'चांगली' असा शेरा दिला होता. दुसऱ्या फेरीत हा आकडा ६१ झाला आणि तिसऱ्या फेरीत ६६. पुढे ही प्रक्रिया तेरा जिल्ह्यांत पोचली. पथदर्शी टप्पा संपल्यावर अनेक राज्यांत काम थंडावलं, पण महाराष्ट्राने ते चालू ठेवलं. याचं श्रेय चिकाटीने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना जातं, तसंच टीका ऐकून घेणाऱ्या काही अधिकाऱ्यांनाही जातं.

जनसुनवाई म्हणजे डॉक्टरांना फैलावर घेण्याचा कार्यक्रम, अशी धास्ती सुरुवातीला आरोग्य कर्मचाऱ्यांना होती. ती समजण्यासारखी आहे. आदिवासी भागात तीन हजार आणि इतरत्र पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. तिथल्या सिस्टरने मुक्कामी राहावं असा आदेश, आणि क्वार्टरचं छत गळतं, नळाला पाणी नाही, संध्याकाळनंतर वीज नाही. ही कैफियत ती वरिष्ठांपुढे कितीदा मांडणार? सुनवाईत तीच गोष्ट गावकरी तिच्या बाजूने मांडतात. कितीतरी ठिकाणी लोकांनी डॉक्टरांच्या रिक्त जागा भरण्याची मागणी रेटली आणि तिथला एकटा डॉक्टर त्यांच्यासोबत उभा राहिला. चांगल्या कर्मचाऱ्याला जनसुनवाईपासून भय नाही, उलट आधार आहे.

खरी अडचण पुढे येते. 'हे माझ्या हातात नाही,' असं वैद्यकीय अधिकारी सांगतो आणि पुष्कळदा ते खरंच असतं. औषधखरेदीचंच पाहा. तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन करून खरेदी एका हाती आणली, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं उभारली आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिलं. आपल्या वाट्याच्या रकमेत कोणतं औषध किती उचलायचं, ते दवाखाना ठरवतो. महाराष्ट्रातल्या जन आरोग्य चळवळीने अशाच व्यवस्थेची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. आपल्याकडे २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे सोपवली गेली, विलंबाच्या तक्रारी होत राहिल्या आणि २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालकं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं आणि रिक्त पदं, दोन्ही प्रश्न पुन्हा ऐरणीवर आले. गावोगावच्या सुनवायांत हेच दोन प्रश्न कित्येक वर्षं मांडले जात होते.

म्हणून जाब तालुक्यात विचारून भागत नाही. ज्या टेबलावर निर्णय होतो त्या टेबलापर्यंत तो गेला पाहिजे. जिल्हा आणि राज्य पातळीवरही सुनवाया झाल्या पाहिजेत आणि तिथे सचिवांनी, मंत्र्यांनी बसलं पाहिजे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितलं होतं की २०२५ पर्यंत सरकारांचा आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के होईल. ते वर्ष उलटलं, उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, आणि त्याचं उत्तर देशाला कुणी दिलं नाही. गावातल्या सिस्टरला भेटीच्या तारखा विचारणाऱ्या लोकशाहीत अर्थसंकल्पाची तारीख चुकवणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारला गेला पाहिजे.

जनसुनवाईचा दुसरा कच्चा दुवा म्हणजे तिचं अस्तित्वच सरकारच्या मर्जीवर आहे. ती अभियानाच्या वार्षिक आराखड्यातल्या तरतुदीवर चालते. निधी उशिरा आला की कार्यकर्ते पदरमोड करतात, सुनवाया लांबतात, आणि मागच्या नोंदींचा पाठपुरावा सुटतो. ज्याच्याकडे हिशेब मागायचा, त्यानेच हिशेब मागण्याचा खर्च मंजूर करायचा, ही रचना फार काळ टिकणारी नाही. हेल्पलाइन आणि तक्रार पेटी हा त्यावरचा पर्याय नव्हे. तिथे एकटा माणूस तक्रार करतो आणि एकटाच उत्तराची वाट पाहतो. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरावीक दाखले मुदतीत न मिळाल्यास दाद मागता येते. दाखल्यासाठी जे आहे ते उपचारासाठी का नसावं? राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा करून दाखवला. महाराष्ट्राकडे तर प्रत्यक्ष कामाचा अनुभवही आहे. वर्षातून ठरावीक वेळा जनसुनवाई, तिथे अधिकाऱ्यांची सक्तीची हजेरी, ठरलेल्या मुदतीत लेखी कृती अहवाल आणि यासाठी स्वतंत्र निधी, एवढं तरी कायद्यात लिहिलं गेलं पाहिजे.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. प्रत्येक महसुली गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, किमान कागदावर तरी. तिच्यासाठी अभियानात वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठेवलेला आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानेच घ्याव्या लागतात. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून तीन गोष्टी विचारा: समितीचे सदस्य कोण, निधी कशावर खर्च झाला, आणि आरोग्य केंद्रात आज कोणती औषधं शिल्लक नाहीत. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिलं गेलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. दवाखाना आपल्या पैशाने चालतो, त्याचा हिशेब मागणं हा आपला हक्क आहे आणि कर्तव्यही.